घोषणा चालेल, जाहिरात नाही

प्रश्न : इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकी विद्यापीठांच्या नेटवर्कवर शास्त्रीय सॉफ्टवेअरची जाहिरात करता येई का?

उत्तर : जाहिरात नाही, घोषणा मात्र करता येई. विद्यापीठांना जोडणारे नॅशनल सायन्स फाउंडेशनचे नेटवर्क, एनएसएफनेट, सरकारी पैशावर चाले. त्याच्या वापर-नियमांत संशोधनाला किंवा अध्यापनाला उपयोगी अशा नव्या उत्पादनाची माहिती कळवायला मुभा होती; जाहिरात, मग ती कोणत्याही प्रकारची असो, वर्ज्य. म्हणजे सांख्यिकीचे नवे पॅकेज आले, ते अमुक संगणकांवर चालते, एवढे सांगणे रास्त. 'आजच घ्या, सवलत मिळवा' आले की हद्द ओलांडली. रेषा पुसट होती, तरी मला ती योग्यच वाटते. नवे साधन संशोधकापर्यंत पोहोचायलाच हवे. एप्रिल १९९५मध्ये एनएसएफनेट बंद झाले, वाहतूक खासगी कंपन्यांच्या जाळ्यांवर गेली आणि तिथे हा नियम लागू नव्हता.