पप्पांची फाईल आणि माझी फी

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने आणि मराठीवाल्या सरांनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र मी पूर्ण तयारी करून आणलाय, कारण त्यात माझे १,४४,००० रुपये गेलेत.

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये दोन-तीन तरी फौजींची पोरं सापडतात. ओळखायला सोपी. कॉटखाली काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने वडिलांचं नाव आणि नंबर. माझ्याही कॉटखाली आहे. पप्पा १९९७ मध्ये भरती झाले, २०२१ मध्ये हवालदार म्हणून रिटायर होऊन घरी आले आणि आता वाळूजला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. २०२३ मध्ये मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली ती डिफेन्स कोट्यातून. घरात पेढे आले. आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की फौजीच्या मुलीला जे मिळायचं होतं ते मिळालं.

इथेच चुकलं. कोटा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातल्या कॅप राउंडमध्ये मंजूर जागांच्या ५ टक्के जागा डिफेन्ससाठी असतात, तेही एका कॉलेजात जास्तीत जास्त पाच. त्यात डेफ-१ म्हणजे महाराष्ट्राचा डोमिसाइल असलेल्या माजी सैनिकांची मुलं आणि डेफ-२ म्हणजे इथलाच डोमिसाइल असलेल्या, अजून नोकरीत असणाऱ्या सैनिकांची. कोट्याने सीट मिळते. फी तुमची तुम्हीच भरायची.

पैसा दुसऱ्या दारातून येतो. त्या दाराचं नाव पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. २००६-०७ पासून ती केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं आणि पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. देशभरातून दरवर्षी ५५०० विद्यार्थी निवडतात, निम्मी मुलं, निम्म्या मुली. २०१९ मध्ये रक्कम वाढवली, मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५००. (मुलांनो, रडू नका, मेसमध्ये तुम्ही जास्त खाता.) बारावीला किंवा डिप्लोमाला किमान ६० टक्के हवेत आणि कोर्स व्यावसायिक पदवीचा हवा, म्हणजे आपलं बीई-बीटेक, एमबीबीएस, बीफार्म, बीएड वगैरे. निवडीत आधी युद्धात शहीद झालेल्यांची मुलं, मग जखमी होऊन अपंगत्व आलेल्यांची, असं करत शेवटच्या सहाव्या गटात आमच्यासारखी साध्या रिटायर झालेल्या जवानांची मुलं येतात. हे वाचूनच मी मागे गावातल्या एकाला ठणकावून सांगितलं होतं की ही स्कॉलरशिप फक्त शहिदांच्या मुलांसाठी असते. अर्धवट वाचलं की असं होतं. सहावा गट आहे आणि त्यातूनही मुलं लागतात.

आता खरी गोम. नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षाला करता येतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचं ते दुसरं वर्ष हेच पहिलं धरतात. सेकंड इयरला जाग आली तर काही उपयोग नाही. मला थर्ड सेमला जाग आली. ३००० गुणिले १२ गुणिले ४, करा हिशोब. एम-थ्रीच्या पेपरलासुद्धा मी एवढी हळहळले नव्हते. पप्पा काही बोलले नाहीत. त्या महिन्यात नाइट शिफ्ट मात्र त्यांनी जास्त घेतल्या, हे आईने मला नंतर सांगितलं.

म्हणून मागच्या वर्षी आमच्या विंगमध्ये एक फर्स्ट इयरची मुलगी काळी ट्रंक घेऊन आली, तेव्हा मी तिची बॅगसुद्धा उघडू दिली नाही. आधी म्हटलं, वडिलांचं डिस्चार्ज बुक कुठंय? तिला वाटलं रॅगिंग चाललंय.

डिस्चार्ज बुक म्हणजे फौजीची खरी कुंडली. त्यात सेवा किती, का सोडली, बायको कोण, मुलं कोण, सगळं असतं. आम्ही उघडून पाहिलं तर मुलीच्या नावापुढे ‘पिंकी’. हसू नका, हे सर्रास होतं. मूल जन्मलं तेव्हा वडील कुठे तरी बॉर्डरवर, घरून फोन आला, युनिटच्या क्लार्कला जे सांगितलं ते ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापलं गेलं आणि तेच कायम झालं. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर वेगळं नाव. ही दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तिच्या वडिलांनी ते ऑगस्टमध्ये सुरू केलं म्हणून निभावलं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर, जुन्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद आणि २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. बघणाऱ्याने विचारलंच तर गोंधळू नका, दोन्ही एकच.

बाकीचं फार अवघड नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वडिलांचं माजी सैनिक ओळखपत्र आणि आपलं अवलंबित असल्याचं कार्ड काढायचं. त्यांच्याकडून माजी सैनिकाचं प्रमाणपत्र, कॉलेजकडून प्राचार्यांच्या सहीचं, बँकेकडून खात्याचं, आणि मग केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं. पुढे दरवर्षी रिन्यूअल, त्याला किमान ५० टक्के लागतात. बॅकलॉग कुरवाळत बसणाऱ्यांनी नियम आधी नीट वाचावेत. आणि नेटकॅफेवाल्या दादाच्या भरवशावर शेवटचा दिवस गाठू नका.

पण ‘माजी सैनिक’ कोणाला म्हणायचं? वाटतं तितकं सरळ नाही. पेन्शनवर आलेला, ठरलेली मुदत संपवून आलेला, मेडिकलवर बाहेर पडलेला, हे बसतात. स्वतःच्या मर्जीने मध्येच, पेन्शन न मिळवता सोडून आलेला बसत नाही. टेरिटोरियल आर्मीचा जवान, म्हणजे आपल्याकडचा राखीव सैनिक म्हणता येईल असा, तो सलग सेवा करून पेन्शनला पात्र झाला असेल, सेवेमुळे अपंगत्व आलं असेल किंवा शौर्यपदक मिळालं असेल तरच बसतो. आपल्याच शहरात टेरिटोरियल आर्मीची १३६ इको बटालियन आहे. आसपासच्या उघड्या डोंगरांवर झाडं लावणारे वर्दीतले लोक दिसतात ना, ते हेच. त्यात बरेचसे आधीच एकदा रिटायर झालेले आहेत, म्हणून त्यांच्या मुलांना अडचण नाही.

अग्निवीरांचा प्रश्न वेगळा. २०२२ च्या अखेरीस गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ संपता संपता भरतात. चौथा हिस्सा कायम होणार, बाकीचे सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख घेऊन परत येणार. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर सांगितलेली दारं त्यांच्या मुलांना बंद. उलट त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची सोय मात्र केलेली आहे. इग्नूच्या खास पदवीत निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात आणि दहावीवर गेलेल्याला एनआयओएसमार्फत बारावीचं प्रमाणपत्र मिळतं.

हे वाचताना मी थांबले. कारण पप्पांच्या पिढीला नेमकं उलटं मिळालं. मुलांसाठी पुष्कळ आहे. शहीद किंवा युद्धात अपंग झालेल्यांच्या मुलांची फी सरकार १९७१ च्या युद्धापासून भरतं. २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० ची मर्यादा घातली होती, ओरड झाल्यावर मार्च २०१८ मध्ये काढली. हवालदार आणि त्याखालच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना शिक्षण अनुदान आहे. ते महिना १००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून २००० झालं. माझा भाऊ नववीत आहे, त्याचा अर्ज मी स्वतः भरला, घरात कोणावर विश्वास ठेवला नाही. पण जो माणूस बारावी करून फौजेत गेला आणि चाळिशी ओलांडून परत आला, त्याला स्वतःला कॉलेजात बसायचं असेल तर?

अमेरिकेने हा प्रश्न १९४४ मध्ये सोडवला. जीआय बिल म्हणून कायदा झाला आणि दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या सैनिकाची फी आणि राहायचा भत्ता सरकारने उचलला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण किंवा ट्रेनिंग घेतलं, त्यातले २२ लाख कॉलेजात गेले. १९४७ मध्ये तिथल्या कॉलेजांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. विचार करा, आपल्या वर्कशॉपमध्ये जॉब फायलिंग करताना शेजारी हवालदारसाहेब! (दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना मात्र त्यातलं फार थोडं हाती लागलं, तेही सांगायला हवं.) तिथे रिझर्व्हमध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळी, कमी रकमेची योजना आहे, सहा वर्षांचा करार करावा लागतो. आणि २००८ च्या नव्या कायद्यात हक्क सैनिकाचा, पण आणखी काही वर्षं नोकरीची हमी दिली तर तो तो मुलांच्या नावे करू शकतो. म्हणजे आधी त्याचं, मग मुलांचं.

आपल्याकडे जवानाला निवृत्तीच्या सुमारास पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, फी सरकार भरतं. पप्पांनी सिक्युरिटीचा केला, त्यावर नोकरी लागली, तक्रार नाही. शिवाय दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल तर केंद्राच्या गट क मधल्या ठरावीक नोकऱ्यांना तो पदवीधरासारखा धरला जातो. पण हे नोकरीपुरतं. ती पदवी नव्हे. आपल्या शहरात १९७७ पासून एसपीआय आहे, एनडीएत जाणाऱ्या मुलांना तयार करते. फौजेत जायचा रस्ता इथे छान बांधलेला आहे. परत यायचा रस्ता पायवाटच.

हे सगळं मी पप्पांना एका रविवारी घरी सांगितलं. मला वाटलं, स्कॉलरशिप गेल्याचं पुन्हा निघेल. ते म्हणाले, “मला बारावीत इतिहासाला चांगले मार्क होते.” एवढंच. चोवीस वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं (म्हणजे माझी वीसच झाली आहेत, पण त्यांची सर्व्हिस चोवीस).

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बीएला त्यांची ॲडमिशन झाली. तिथे हजेरीची सक्ती नाही, शिफ्ट सांभाळून जमतं. फी त्यांच्या पगारातून गेली आणि या वेळी मी काही बोलले नाही. परवा रात्री हॉस्टेलवर फोन आला.

“अगं, ही असाइनमेंट म्हणजे काय करायचं असतं? पाठ करून लिहायची का?”

मी म्हटलं, “पप्पा, आमच्या हॉस्टेलला या. इथे एक जण लिहितो, बाकीचे तीस जण उतरवतात.”

तिकडे थोडा वेळ शांतता.

“युनिटमध्ये याला पनिशमेंट होती,” म्हणाले आणि फोन ठेवला.