'टेक ओव्हर' : अर्थ आणि उपयोग

इंग्रजीतील 'टेक' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'घेणे' असा आहे. त्याला 'ओव्हर' हे अव्यय जोडले की, दुसऱ्याच्या हाती असलेले काम, अधिकार अथवा मालमत्ता आपल्या हाती घेणे, असा निराळा अर्थ सिद्ध होतो. 'ओव्हरटेक' म्हणजे मागून येऊन पुढे जाणे; त्याच्याशी याची गल्लत करू नये.

उदाहरणादाखल चंदीगड शहराच्या इतिहासातील एक प्रसंग घेऊ. पंजाबच्या या नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी १९५० साली तयार केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात मरण पावले. पुढे हे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले आणि १९५१ साली त्यांनी आराखडा नव्याने आखला. ही घटना इंग्रजीत अशी सांगता येईल : 'ल कॉर्बुझिए टुक ओव्हर द प्लॅन फ्रॉम मेयर.'

या वाक्यातील शब्दक्रम ध्यानात ठेवावा. 'टुक ओव्हर द प्लॅन' आणि 'टुक द प्लॅन ओव्हर' ही दोन्ही रूपे शुद्ध होत. परंतु नामाऐवजी सर्वनाम आल्यास ते मधेच यावे लागते : 'टुक इट ओव्हर'. या अर्थाने 'टुक ओव्हर इट' असे म्हणणे चूक ठरेल.

मराठीत या क्रियापदाला एकच प्रतिशब्द पुरत नाही. सरकार एखादी गिरणी 'ताब्यात घेते'; नवा अधिकारी 'सूत्रे हाती घेतो'. कॉर्बुझिए यांनी आराखडा 'ताब्यात घेतला' असे म्हटल्यास बळजबरीची छटा येते. 'काम हाती घेतले' हेच येथे उचित.

'फ्रॉम' या शब्दाचे महत्त्वही कमी नाही. नव्या आराखड्यात मेयर यांच्या वळणदार रस्त्यांच्या जागी बहुतांशी काटकोनी रस्ते आले. मात्र स्वयंपूर्ण वस्तीची त्यांची 'सुपरब्लॉक' ही कल्पना 'सेक्टर'च्या रूपाने टिकली. 'कॉर्बुझिए यांनी चंदीगड उभारले' एवढेच म्हटले, तर आधीचे हात दृष्टीआड होतात. 'टेक ओव्हर' मात्र आधी कोणीतरी होते याची आठवण देते, आणि 'फ्रॉम' त्याचे नाव सांगते. म्हणून वाक्य रचताना, पूर्वीची व्यक्ती ठाऊक असेल तर, 'फ्रॉम' सहसा गाळू नये.