‘आज्ञाधारक सेवक’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : राहुल गांधींनी दाखवलेल्या सावरकरांच्या पत्राच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असे आहे म्हणतात. लोकलमध्ये यावरून हमखास वाद पेटतो. एवढ्या शब्दांवरून माफी मागितली असे ठरते का?
– एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते वेगळे केले की गाठ सुटते.

पहिला प्रश्न त्या ओळीचा. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी अकोल्यातील पत्रकार परिषदेत राहुल गांधींनी ती वाचून दाखवली आणि सावरकरांनी इंग्रजांना मदत केल्याचा आरोप केला. ठाणेनगर पोलीस ठाण्यात त्याविरुद्ध तक्रारही नोंदली गेली. पण ‘आज्ञाधारक सेवक’ हा त्या काळच्या इंग्रजी पत्राचा ठरावीक शेवट होता. नळाला पाणी नाही म्हणून पालिकेला खडसावताना आपणही खाली ‘आपला विश्वासू’ असेच लिहितो. गांधीजींच्या व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रांतही असा शेवट असे. २५ एप्रिल २०२५ रोजी, राहुल गांधींच्या सावरकरांवरील वक्तव्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हेच लक्षात आणून दिले. म्हणजे त्या ओळीवरून काहीच ठरत नाही.

दुसरा प्रश्न सहीच्या वरच्या मजकुराचा, आणि तो खरा महत्त्वाचा. अंदमानच्या तुरुंगातून इंग्रज सरकारला केलेल्या १४ नोव्हेंबर १९१३ च्या सुटकेच्या अर्जात सावरकरांनी सुटका झाल्यास घटनात्मक मार्गाने चालण्याची आणि सरकारची सेवा करण्याची तयारी दाखवली आहे. हा मजकूर नाकारता येत नाही. टीकाकार त्यात शरणागती पाहतात. समर्थक त्याला सुटकेची युक्ती म्हणतात. पन्नास वर्षांची शिक्षा समोर असलेल्या कैद्याचे ते शब्द आहेत, हेही विसरून चालत नाही.

आता दोन गैरसमज. अर्ज लपवलेले होते, हा पहिला. स्वतः सावरकरांनीच ‘माझी जन्मठेप’मध्ये त्यांविषयी लिहिले आहे. अर्ज केला आणि लगेच सुटले, हा दुसरा. अंदमानातून ते १९२१ मध्ये बाहेर आले, पण तुरुंग संपला नाही. ६ जानेवारी १९२४ ला सुटका झाली ती सशर्त : रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचे नाही. हे निर्बंध १९३७ मध्ये उठले.

थोर मानलेल्या माणसाविषयी एखाद्या नेत्याने प्रश्न विचारणे हा लोकशाहीतला हक्कच आहे. त्याला उत्तर मात्र पुराव्याने द्यावे. तेव्हा पुढच्या वेळी डब्यात वाद निघाला, तर एवढेच विचारा : सहीच्या वरचा मजकूर कोणी वाचला आहे?