पदवीनंतरची वाटचाल : मनोवृत्ती आणि कल्याणमित्र

पदवी हाती पडली, की शिक्षण संपले असे अनेक घरांत आजही मानले जाते. पहिल्या मुलाखतीत अपयश आले, की ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणून मुले माघार घेतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी मनाच्या या ठेवणीचा दीर्घ अभ्यास केला. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असे मानणारा अपयशाला अंतिम निकाल समजतो. परिश्रम, योग्य पद्धत आणि मार्गदर्शन यांनी क्षमता वाढते असे मानणारा त्यातून पुढचा धडा घेतो. या दुसऱ्या वृत्तीला विकासशील मनोवृत्ती म्हणतात.

आपल्याला हा विचार परका नाही. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम म्हणजे नसलेले कुशल गुण निर्माण करणे आणि असलेले वाढविणे. आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही जन्म हा माणसाचा अंतिम निकाल नव्हे, याच निश्चयाने.

मग केवळ या वृत्तीने नोकरी-व्यवसायात यश मिळते काय? आमचे उत्तर असे, की ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या पाठाने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले. पण वाढ अल्प होती, आणि जेथे सोबतीही कठीण अभ्यासाला सामोरे जात होते, तेथे ती अधिक दिसली. नोकरीच्या बाजारात तर आणखी एक अडसर आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, केवळ नावे वेगळी असलेले अर्ज पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आडनावांच्या अर्जदारांना कमी बोलावणी आल्याचे दिसले. अशा वेळी ‘तुझी मनोवृत्तीच कमी पडली’ असे मुलांना सांगणे हा अन्याय होय.

बाबासाहेबांच्या चरित्रात या दोन्ही बाजू दिसतात. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत गेलेल्या या विद्वानाला तेथे राहायला जागा मिळाली नाही. तो दोष त्यांच्या प्रयत्नांचा नव्हता. पुढे लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी बदल सुचवून परत केला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. मात्र १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाता यावे म्हणून शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्यही पाठीशी होते. धम्मात अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हणतात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, शासकीय कार्यालयांत, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आपण जेथे असाल, तेथून या वसतिगृहातील एका तरी मुलाचा अर्ज वाचून दुरुस्त करावा, मुलाखतीचा सराव घ्यावा, जागा निघाल्याचे कळवावे. पालकांनी पहिल्या नकारानंतर मुलांना आणखी एक वर्ष द्यावे. घरची अडचण असेल, तर नोकरी करीत शिकण्यासाठी १९८९ पासून आपल्या नाशकातच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

प्रयत्न मुले करतील. ते वाया जाऊ न देणे, हे आपणा मोठ्यांचे काम आहे.