जमिनीचें आरोग्य व घरचें आरोग्य

नीरेच्या डाव्या कालव्यानें या अवर्षणाच्या मुलखाचें दैन्य फेडलें, हें कोऱ्हाळे बुद्रुक व आसपासच्या बागायतदार बंधूंस सांगावयास नको. १८७६ च्या दुष्काळांत हातीं घेतलेल्या या कामाचें पाणी १८८५ च्या सुमारास खेळूं लागलें आणि पुढें बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला. परंतु पाण्याबरोबर एक दुखणेंही आलें. कालव्याचा पाझर व उसास दिलेलें बेसुमार पाणी यांनीं भूगर्भांतील पाणी वर चढलें. उन्हानें त्याची वाफ झाली आणि क्षार मात्र वर राहिले. पुणें शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मान व श्री. ताम्हणे यांनीं १९१० सालींच नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं पुस्तिका प्रसिद्ध केली होती. शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी दुखणें हटलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, जमीन बिघडली तर पीक बुडेल. आमच्या प्रकृतीशीं तिचा काय संबंध? हा संबंध दोन वाटांनीं येतो. पहिली वाट विहिरीची. पिकानें न घेतलेल्या युरियाचें नायट्रेट होऊन तें पाण्याबरोबर विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असें भारतीय मानक आहे. अशा दूषित पाण्यांत कालवलेलें वरचें दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व अंग निळें पडूं शकतें. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. उलट पाणी आटून तो वाढतो. दुसरी वाट ताटाची. चुनखडीच्या व चोपण जमिनींत जस्त असूनही मुळांस पुरेसें मिळत नाहीं. मग धान्यांतही तें कमी उतरतें. आणि जस्ताच्या उणिवेनें मुलांची वाढ खुंटते.

उपाय क्रमानेंच केले पाहिजेत. प्रथम माती व विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. जमीन पाणथळ असल्यास आधीं चर काढावे. निचरा नसतां कोणतेंही औषध लागू पडत नाहीं. नुसती खारवट जमीन निचऱ्यानंतर गोड्या पाण्यानें धुतां येते. चोपण जमिनीस मात्र तपासणीच्या आधारें जिप्समही द्यावें लागतें. पुढें ताग किंवा धैंचा गाडावा, पाचट जाळूं नये, ठिबकानें बेताचें पाणी द्यावें आणि युरिया एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावा. जस्ताची उणीव दिसल्यास शेणखतांत मुरवून झिंक सल्फेट घालावें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या रानांतील निचऱ्याचें पाणी ओढ्यानें नीरेस मिळतें व नीरा नरसिंहपुरास भीमेंत जातें. खालच्या गांवांचीं गुरें व माणसें तेंच पाणी वापरतात. म्हणून खताचें पोतें फोडण्यापूर्वीं मातीचा कागद पाहावा, आणि घरांत तान्हें मूल असेल तर विहिरीच्या पाण्याचा कागद त्याच्याही आधीं पाहावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.