आधी आबांचा फोन

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. अंगणात किल्ला करायला घेतला होता आणि आदल्या वर्षीच्या किल्ल्याचा बुरूज नेमका कसा होता, यावरून भावाबहिणीत जुंपली होती. फोटो आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, फोनमध्ये होता. नऊ वर्षांचा धाकटा मातीचे हात चड्डीला पुसून गॅलरी चाळायला बसला. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात उभा दिसला. फोन छातीशी पालथा धरलेला, चेहरा उतरलेला. मी चकल्या तळत होते. हात पुसून फोन घेतला. आबांच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आलेला एक अश्लील व्हिडिओ गॅलरीत आपोआप उतरून बसला होता.

त्या दिवसापासून जे शिकले, ते असं :

१. झडती आपल्या फोनपासून सुरू करा.
मुलांच्या टॅबला मी सतरा कुलपं लावली होती. आबांचा, नवऱ्याचा आणि माझा फोन मात्र सताड उघडा. ‘आबा, तुमचा फोन जरा द्या ना,’ म्हटल्यावर ते ओशाळले. ‘अगं, मी ते उघडूनसुद्धा बघत नाही,’ म्हणाले. खरंच बघत नसत. पण न उघडताही ते फोनमध्ये साठतच होतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन आपोआप डाउनलोड होणं बंद केलं. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ही बंद केली, म्हणजे नवीन आलेलं काही गॅलरीत दिसत नाही. तिन्ही फोनचं मिळून दहा मिनिटांचं काम. आबांनी दुसऱ्या दिवशी तो ग्रुपच सोडला.

२. पहिली दोन मिनिटं तोंड आवरा.
हे मला जमलं नाही. ‘काय बघत होतास? कुणी सांगितलं होतं फोन घ्यायला?’ असं मी ओरडले. वास्तविक तो स्वतःहून माझ्याकडे आला होता. माझा आवाज ऐकून ‘काही नाही’ म्हणाला आणि पळाला. किल्ला तसाच अर्धवट राहिला. पुढे कित्येक दिवस मी खोलीत गेले, की तो हातातला टॅब उलटा ठेवायचा. बघितल्याची शिक्षा करायला गेले आणि सांगितल्याची शिक्षा करून बसले.

३. वायफायला गाळणी लावा, पण गाळणीला भोकं असतात हे विसरू नका.
राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस नावाचा रकाना असतो. तिथे क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरले, की प्रौढांसाठीच्या बहुतेक साइट घरच्या वायफायवर उघडत नाहीत. ही सोय २०२० पासून फुकट आहे. गूगलवर सेफसर्च ‘फिल्टर’वर ठेवलं, की शोधताना अश्लील चित्रं सहसा येत नाहीत. पण मोबाइल डेटा या गाळणीतून जात नाही, शेजारच्यांचं वायफायही नाही. यूट्यूब किंवा व्हॉट्सॲपच्या आत काय आलंय, हेही तिला कळत नाही. गाळणी जरूर लावा, फक्त तिच्या भरवशावर झोपू नका.

४. मुलाचं वय खोटं लिहू नका.
२०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली, तेव्हा घाईत मी पाच वर्षांच्या मुलाच्या खात्यात माझंच जन्मवर्ष टाकलं. कागदोपत्री तो तिशी ओलांडलेला गृहस्थ झाला आणि समोर येणारं सगळं त्याच हिशेबाने येऊ लागलं. आपल्याकडे तेरा वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं पालकांनी फॅमिली लिंकमधून काढून द्यायचं असतं. मग नवीन ॲप घ्यायचं, तर परवानगीचा निरोप आपल्या फोनवर येतो. किती वेळ बघायचं, हेही ठरवता येतं. ओटीटीवर मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. पिन म्हणून जन्मतारीख ठेवू नका, पोरं दुपारभरात ओळखतात.

५. कार्टून दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.
२०१७ मध्ये जगभरच्या पालकांच्या लक्षात आलं, की ओळखीची कार्टून पात्रं घेऊन बनवलेल्या कित्येक व्हिडिओंत मारहाण, रक्त आणि अश्लील चाळे भरलेले आहेत. पुढे त्यांतले पुष्कळ काढले गेले. पण भाजी चिरताना लांबून पडद्याकडे नजर टाकली एवढ्याने भागत नाही, हे कळलं. म्हणून आमच्याकडे धाकट्याला इअरफोन बंद. आवाज घरभर ऐकू येतो, डोकं उठतं, पण भाषा बदलली की लगेच कळतं. ऑटोप्लेही बंद. एक संपल्यावर पुढचं काय लावायचं, ते माणसाने ठरवावं.

६. फोनची झोपायची जागा ठरवा.
आमच्याकडे ती फ्रिजच्या डोक्यावर आहे. रात्री साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन तिथे. सगळ्यांचे म्हणजे माझा आणि नवऱ्याचाही. पहिल्या आठवड्यात नियम मोडला तो आम्हीच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. तिथेही नियम साऱ्या गावाला होता, एकट्या पोरांना नाही. एका गावाला जमतं, तर पाच माणसांच्या घराला जमायला हरकत नाही.

७. शब्द आपण द्या.
तेरा वर्षांच्या लेकीशी बोलायला मला वर्ष लागलं, जीभच रेटेना. शेवटी एकदा स्कूटरवर बोलले. समोरासमोर बघावं लागत नाही, म्हणून सोपं गेलं. शरीराबद्दल सांगितलं, पडद्यावर दाखवतात ते खरं नसतं हे सांगितलं. कुणी फोटो मागितला किंवा धमकी दिली, तर चूक तुझी नाही, हे दोनदा सांगितलं. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, आधी घरी सांगायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिला पाठ आहे. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर करता येते. मोठ्यांसाठीही एक गोष्ट : लहान मुलांचा अश्लील व्हिडिओ ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे पाठवणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे.

८. मोडलेला विश्वास सावकाश जुळतो.
धाकट्याची मी माफी मागितली. ‘त्या दिवशी मी उगाच ओरडले, तू सांगायला आला होतास ते बरोबर केलंस,’ म्हणाले. त्याने ‘हं’ केलं आणि खेळायला गेला. मला वाटलं, वाया गेलं. गेल्या मे महिन्यात मामाकडे असताना तिथल्या एका मोठ्या मुलाने त्याला काहीतरी दाखवलं. रात्री फोनवर आधी आंबे, मग विहीर, मग मांजरीची पिल्लं असं सगळं सांगून झालं आणि मग हळूच म्हणाला, ‘आई, ओरडणार नसशील तर एक सांगू?’

मामाच्या घरी माझी गाळणी नव्हती, पिन नव्हता, फ्रिजवरची जागाही नव्हती. होतं ते एवढंच वाक्य. तुमच्या घरात ते कधी ऐकू आलं, तर गॅस बंद करा, खाली बसा आणि आधी पूर्ण ऐकून घ्या.