कवटीवरच्या खुणा वाचणारा डॉक्टर

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची तुम्ही कदाचित खाल्लीही असेल. एखादी वाळलेली, पातळ सालीची मिरची उन्हासमोर धरून पाहा. आतल्या बियांच्या सावल्या अंधुक दिसतील. आता नारळ धरा. काहीच दिसणार नाही! मेंदूचा आजार शोधणाऱ्या डॉक्टरांपुढे पूर्वी असाच नारळ असे.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तरी ही अडचण सुटली नाही. हाड या किरणांना चांगलेच अडवते. पण मेंदू, त्याभोवतीचा द्रव आणि मेंदूत वाढलेली गाठ हे सारे त्यांना जवळजवळ सारखेच अडवतात. त्यामुळे चित्रात कवटी ठसठशीत उमटे आणि आत नुसते करडे धुके. गाठ कुठे आहे हे ठाऊक नसताना शस्त्रक्रिया करायची कुठे?

व्हिएन्नाचे डॉक्टर आर्थर शूलर (जन्म १८७४) यांनी वेगळी वाट धरली. विहिरीच्या बांधकामात शिरलेले पिंपळाचे मूळ आपल्याला दिसत नाही, पण फुगलेली भिंत दिसते ना? तसेच इथेही. गाठ दिसत नसली तरी तिच्या दाबाने हाड झिजते, पातळ होते. कवटीच्या तळाशी घोड्याच्या खोगिरासारखा एक खळगा आहे. शरीरशास्त्रात त्याला ‘तुर्की खोगीर’ असेच नाव आहे. त्यात वाटाण्याएवढी पोष ग्रंथी बसते. तिच्यात गाठ वाढली, की खळगा रुंदावतो, आणि हाडाचा असल्यामुळे तो क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतो! अशा खुणा ओळखायच्या, तर आधी निरोगी कवटीचे चित्र बारकाईने वाचता आले पाहिजे. ते किचकट काम शूलर यांनी केले. कवटीच्या तळावरचा त्यांचा ग्रंथ १९०५ साली निघाला, डोक्याच्या रोगनिदानावरचा १९१२ साली. कानामागच्या हाडाचे चित्र घेण्याची एक पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे अमेरिकेत डँडी यांनी १९१८ साली मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून चित्रे घेतली. पोर्तुगालच्या मोनिझ यांनी १९२७ साली रक्तवाहिन्यांत किरण अडवणारे द्रावण सोडले. रोग्याला हे उपाय त्रासाचेच होते.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. शूलर ज्यू होते. पत्नीसह त्यांना देश सोडावा लागला. युरोपात राहिलेले त्यांचे दोन्ही मुलगे नाझींच्या अत्याचारांत मारले गेले. साठी उलटलेले हे डॉक्टर मेलबर्नच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात पुन्हा कवट्यांची चित्रे वाचू लागले. तिथेच १९५७ साली ते वारले.

त्यानंतर १४ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. स्कॅन यंत्राने एका स्त्रीच्या डोक्याचे चित्र घेतले. संगणकाने मेंदूचे जणू आडवे काप दाखवले. त्या चित्रात हाड नव्हे, खुद्द गाठच दिसत होती.